साडभाऊंचा ओला डिंक

बुलढाणा जिल्ह्यात गोगलगाय दिसली की ज्याचा चेहरा खुलतो असा माणूस एकच आहे, आणि तो नेमका माझा साडभाऊ, म्हणजे साडू, आहे. सोयाबीन जरा वर आलं की आमच्याकडे बांधाबांधावर शंखवाल्या गोगलगायींची फौज उतरते, कोवळी रोपं फस्त करते, आणि माणसं मिठाच्या पाण्याच्या बादल्या घेऊन तिच्यामागे लागतात. साडभाऊ त्याच बांधावर उकिडवे बसतात, एखादी गोगलगाय तळहातावर घेतात, ती ओल्या दगडाला उलटी कशी लटकली होती याचं तोंडभर कौतुक करतात आणि काकडीच्या फोडीसकट तिला डब्यात ठेवतात. मेहकरजवळच्या खेड्यात आमची सासुरवाडी. सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, हा प्रकार पहिल्यांदा पाहिला. मग मला गोठ्यामागे नेऊन हळूच म्हणाले, "तुमचे साडभाऊ डब्यात गोगलगायी पायून राह्यले. लोकं मले काय म्हनतीन?"

साडभाऊ मूळचे वडनेर भोलजीचे, बुलढाण्याला फार्मसी कॉलेजात शिकवतात. त्यांच्या डोक्यात वर्षानुवर्षं एकच गोष्ट बसलेली आहे: शरीराच्या आत, ओल्या जागी चिकटेल असा डिंक. भेटणाऱ्याला ते खुशाली विचारायच्या आधी हेच सांगतात. "आपल्या साऱ्या चिकटपट्ट्यांचं एकच दुखनं आहे, त्याईले कोरडं पाह्यजे. आन् मानसाच्या पोटात कोरडं काय असते, सांगा बरं? मधी पान्याचा थर आला का डिंक गेला वाहून. गोगलगाय मात्र ओल्यातच चिकटते. तिले इचारा ना मंग!" असं म्हणून त्यांनी खरंच तिला विचारायला घेतलं होतं. गोगलगायीचा चिकट स्राव, जिलेटिन आणि बाभळीच्या सालीतलं कसलंसं सत्त्व यांची ते पातळ पट्टी बनवत. ती आधी जखमेवरचं पाणी पिऊन टाकणार आणि मग मांसाला घट्ट धरणार, असा बेत होता. चिकटपणा दिसला की ते देहभान विसरतात. कुणाकडे जेवायला गेल्यावर भेंडीच्या भाजीला तार सुटली तर बाकीचे पाहुणे नाक मुरडतात, हे ती तार चमच्याने उंच उंच उचलत नेतात आणि यजमानीणबाईंना मनापासून सांगतात, "ताण चांगला आहे." माझ्या शाकाहारी मेव्हणीने, म्हणजे त्यांच्या बायकोने, एकदा फ्रिजमधला डबा कणीक समजून उघडला, तर आत बोकडाचं आतडं, त्याला दोन ठिकाणी ठिगळं. तेव्हापासून त्यांचा फ्रिज गॅलरीत आहे. एक पट्टी त्यांनी स्वतःच्या गालाच्या आत लावून पाहिली, आणि तीही नेमकी प्राचार्यांच्या निरोप समारंभाच्या दिवशी. गाल हिरडीला चिकटला. भाषणाला उभे राहिले तर तोंडातून निघाला तो नुसता हुंकार! सभागृहाला वाटलं, माणसाचा कंठ दाटून आला. प्राचार्यांनी डोळे पुसत त्यांना मिठी मारली. कॉलेजात आजही ते भाषण सर्वांत हृदयस्पर्शी मानलं जातं.

पण हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली ती राधीमुळे. राधी मामाजींची म्हैस. गेल्या वर्षी ती शेजारच्या शेताच्या काटेरी तारेत अडकली आणि तिच्या कासेचं एक सड फाटलं. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी टाके घातले, ते उसवले. पुन्हा घातले, पुन्हा उसवले. आतून दूध वाहणार, जखम ओली राहणार, आणि धार बादलीत पडायची सोडून सडाच्या बाजूने मामाजींच्या धोतरावर उडणार. शेवटी बाई म्हणाल्या, "हे सड आता बंदच करावं लागेल. नाहीतर सगळी कास जाईल." सासूबाईंनी राधीला वगार होती तेव्हापासून वाढवलेलं. त्या तिच्या मानेवर हात ठेवून रडायला लागल्या. आम्ही दोघेही जावई त्या दिवशी तिथेच होतो. साडभाऊ एकदम उठले आणि पिशवीतून पट्ट्या ठेवलेला बर्फाचा थर्मास काढून म्हणाले, "मामाजी, मी पाहू का लावून?"

मामाजी भडकले. "गोगलगायीच्या तोंडची लाय माह्या म्हशीले? जिनं माहं सोयाबीन खाल्लं, तिची?"

"तिच्याकडूनच भरून घेऊन राह्यलो ना, मामाजी."

डॉक्टरीणबाईंना हसू आलं. कॉलेजच्या परवानगीने शेळ्यांच्या जखमांवर जे प्रयोग झाले होते ते त्यांच्याच देखरेखीखाली, त्यामुळे पट्टी त्यांच्या ओळखीची होती. पण दूध वाहत्या सडावर ती कुणीच लावली नव्हती. "शिवून तर झालं," त्या म्हणाल्या. "मी समोर आहे. लावा." साडभाऊंनी हातमोजे चढवले, पट्टी जखमेवर ठेवली आणि अंगठ्याने दाबून धरली. राधीने लाथ झाडली. साडभाऊंचा चष्मा शेणात गेला. अंगठा हलला नाही. तिने दुसरी झाडली. ते आडवे झाले, तरी अंगठा तिथेच. मी शेपटी धरून उभा होतो. विज्ञानाला माझा हातभार तेवढाच. शेवटी "झालं" म्हणून त्यांनी हात मागे घेतला, तर हात आला आणि हातमोजा राधीलाच राहिला. बाईंनी तो ओढून पाहिला, पाण्याने धुऊन ओढला. मग कात्रीने कापून काढला आणि म्हणाल्या, "अहो सर, हे तर सुटतच नाही!" त्यांच्याइतका आनंदी चेहरा मी कुणाचा पाहिला नाही, साडभाऊंचा सोडून.

काही दिवस बारीक नळीने दूध काढलं. मग बाईंनी नळी काढली आणि मामाजी स्वतः धार काढायला बसले. सगळं घर गोठ्यात जमलं. धार सरळ बादलीत वाजली. मामाजींनी जोर वाढवला, बाजूने बोट फिरवून पाहिलं, थेंब नाही. ते तसेच उठले, अंगणात गेले आणि गल्लीभर ओरडले, "अबे, पाहून जा बे! आमच्या जावयानं म्हैस जोडली!" दुसऱ्या दिवशी दारात माणसांची रांग लागली. प्रत्येकाच्या हातात बादली, बादलीत जिवंत गोगलगायी. मामाजी खुर्ची टाकून बसले होते आणि दरडावत होते, "मीठ कोनी टाकलं तर पाहा! जावईबापूच्या कामाच्या आहेत त्या."

संध्याकाळी आम्ही दोघे मेहकरहून बुलढाण्याच्या बसने निघालो. साडभाऊ खिडकीशी बसले होते. बाहेर पाहत म्हणाले, "मानसापर्यंत जायाले अजून लय वर्षं लागतीन. तपासन्या, परवानग्या. तवा आपन असू का नसू."

"वाईट वाटतं का हो?"

"नाही हो. कुठंतरी एखाद्या बाईचं ऑपरेशन होईन, ती उठून घरी जाईन, सैपाकाले लागीन. तिले आपलं नाव काऊन पाह्यजे?"

एवढं बोलून ते माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपले. त्यांच्या अंगाला गोठ्याचा वास येत होता, आणि केस किती पांढरे झालेत ते मला इतक्या जवळून पहिल्यांदाच दिसलं. बुलढाणा जवळ आलं, गावाचे दिवे लागले होते. त्यांच्या कॉलनीचा थांबा आला तेव्हा कंडक्टरने मागे वळून पाहिलं. मी हातानेच त्याला नाही म्हटलं, आणि गाडी तशीच स्टँडपर्यंत जाऊ दिली.