आईचं शास्त्रवाचन

आई गुरुवारी गेली. शुक्रवारी छावणीतल्या ख्रिस्ती कब्रस्तानात आम्ही तिला मातीआड केलं.

आता जे सांगतेय, ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. प्रार्थनेतसुद्धा — गुडघे टेकून मी भलतंच बोलत राहिले.

आईचं लहानपण दौलताबादच्या डोंगराखाली मेंढरं राखण्यात गेलं. शाळा नाही. उतारवयात तिने एकच गोष्ट मनावर घेतली — रविवारी चर्चमध्ये मंडळीसमोर उभं राहून शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचं. मेंढपाळाचं स्तोत्र तिला तोंडपाठ होतं, पण ते नुसतं म्हणून दाखवणं तिला नको होतं. "म्हनायला काय, पोपट बी म्हनंल." वडील गेले, गुडघे गेले, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं — तिचं अक्षरं शिकणं थांबलं नाही. पहाटे चहाला आधण ठेवून ती जोडाक्षरं लावत बसायची. मी पुढचा शब्द सुचवला की हसायची, "देवाला घाई नाय गं, तुलाच लई घाई!"

आणि मी? कॉलेजात ग्रंथपाल. पुस्तकांत वाढलेली — की लपलेली?

एकदा चर्चच्या पाळकांनी मला विचारलं, "या रविवारी वाचन आईंना देऊ या का?" मला काय दिसलं — एका शब्दावर अडलेली आई, बाकांवरची खाकरणी, वळून माझ्याकडे पाहणारे चेहरे. मी म्हणाले, "नको. तिला नीट दिसत नाही." खोटं होतं. ऑपरेशननंतर ती सुईत दोरा ओवत होती. घरी येऊन तिला सांगितलं, पाळकांनी दुसऱ्या कुणाला नेमलंय.

"व्हय? मंग अजून तयारी करू," एवढंच म्हणाली, आणि चष्मा पुसून पुन्हा बसली.

पाळकांनी नंतरही विचारलं. मी नंतरही तेच सांगितलं.

तिला वाटत राहिलं, आपणच कमी पडतोय. ते मी पाहत होते — समोर बसून, तिच्या चुका सुधारत.

कबरीपाशी पाळक म्हणाले, डोळ्यांमुळे आईंची एक इच्छा राहून गेली. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

तिला कधी कळलं असेल का? माहीत नाही. मला तिची लाज वाटली — याला दुसरं नाव नाही.

येत्या रविवारी मंडळीसमोर साक्ष द्यायला मी उभी राहणार आहे. हेच बोलणार आहे, याच शब्दांत.

आई नाही. सांगायचं तेवढं उरलं आहे.