फुकटचा बेड आणि जहाजावरची कोठी

समुद्रावर फुकट झोपायचं असेल, तर आधी पंधरा नातेवाइकांना पैसे भरून झोपायला तयार करावं लागतं.

ही अट मला मेहकरच्या ट्रॅव्हल्सवाल्या बाईंनी सांगितली. मी गेले होते साध्या चौकशीला. मुंबईहून जहाजात बसायचं, तीन रात्री पाण्यावर काढायच्या आणि परत यायचं, एवढंच. पण जहाजावरची खोली दोघांची असते. एकट्या माणसाने घेतली, तर दुसऱ्या रिकाम्या बेडचंही भाडं भरायचं! म्हणजे घरी जी रिकामी कॉट फुकट बघायला मिळते, तीच समुद्रावर जाऊन पैसे देऊन बघायची.

"ग्रुप आना ना मॅडम," बाई म्हणाल्या. "पंधरा जनाचं बुकिंग झालं, की ग्रुप जमवनाऱ्याले एक बेड फ्री."

मला पैसे वाचवायचे नव्हते. यजमान गेल्यापासून आमचं बी-बियाण्यांचं दुकान मीच चालवते. मुलगा दूर नोकरीला. संध्याकाळी शटर ओढलं, की सकाळी ते उघडेपर्यंत माझ्याशी बोलतो तो फक्त कुकर. (तोही दोन शिट्ट्यांत आटोपतं घेतो. एका माणसाच्या भातावर किती बोलणार?) मला माणसं हवी होती. जमिनीवरची माणसं चहा पितात आणि निघून जातात. समुद्रात जाणार कुठे?

मी यादी करायला बसले. जानेफळचे माझे दीर भास्करभाऊजी आणि जाऊ कुंदा, त्यांची लेक आणि जावई, कुंदाचे भाऊ आणि भावजया... अशी सात जोडपी झाली. पंधराव्या आमच्या यमुना आत्याबाई, यजमानांच्या आत्या. जाग्या असताना बोलतात, झोपल्यावर घोरतात. शांतता म्हणून ठेवत नाहीत. त्यांना मी माझ्या खोलीत घालून टाकलं. सगळा खटाटोप खरं तर त्या दुसऱ्या बेडसाठीच होता.

"वहिनी, जहाज बुडलं तं पेरनी कोन करन?" भास्करभाऊजींनी विचारलं.

"पेरणीच्या आत परत येऊ."

"बुडल्यावर?"

मी त्यांचं नाव यादीत लिहून टाकलं. आत्याबाईंची शंका वेगळी होती. "सुशीले, तिथचा संडास लाटेनं हालते काय वं?" मी नाही म्हटलं. त्या जरा हिरमुसल्याच.

सगळं जुळलं, आणि कुंदाच्या डोक्यात प्रकाश पडला. "बाई, धोंड्याचा महिना हाय! तो फुकटचा बेड आपल्या प्रवीणरावाले देऊन टाका ना. वानाचं वान होते!"

प्रवीणराव म्हणजे तिचा जावई. (धोंड्याच्या महिन्यात जावई हा साक्षात विष्णू असतो. इतर वेळी तो देऊळगाव राजाला हार्डवेअरचं दुकान चालवतो.) मी हो म्हटलं. माझं तिकीट मी काढेन, आत्याबाई शेजारी असल्या म्हणजे झालं.

दुसऱ्याच दिवशी विहीणबाईंचा फोन! "आमचा मुलगा काय साबणावरचा चमचा आहे का? पंधरा तिकिटांवर एक जावई फ्री?"

जावई रुसला. जावई येणार नाही म्हणून लेक येणार नाही, लेक नाही म्हणून कुंदा नाही, कुंदा नाही म्हणून तिचे भाऊ नाहीत. दिवस मावळेपर्यंत माझ्या ग्रुपमध्ये आत्याबाई आणि मी एवढ्या दोघीच उरलो. त्याही, त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं म्हणून.

मी सकाळची बस धरून देऊळगाव राजा गाठलं. प्रवीणराव गिऱ्हाइकाला खिळे तोलून देत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "काकू, बेडचं मला काहीच नाही. पण लोकं काय म्हणतील?"

"काही नाही म्हणणार. तुमचं तिकीट तुमचे सासरे काढतील, पुऱ्या भावाने. वर चांदीची वाटी. फुकटी मी."

"फुकट्या तुम्ही?"

"मीच. सगळ्यांना सांगा हवं तर."

विहीणबाईंनी तेव्हा कुठे चहाचं आधण ठेवलं. "मग काही हरकत नाही," त्या म्हणाल्या. "घरात एखादं माणूस असं असतंच." मी मान डोलावली. ग्रुप वाचला होता.

बंदरावर शिजवलेलं अन्न अडवतात, हे मी आधीच विचारून ठेवलं होतं. बंद पाकिटातला सुका खाऊ चालणार होता. म्हणून चिवडा, शेव, शंकरपाळे, बुंदीचे लाडू असं सगळं मी दुकानातल्या मशीनवर पाकिटबंद केलं होतं. पाकिटांवर 'सुधारित सोयाबीन बियाणे' असं छापलेलं होतं, एवढीच अडचण. तपासणीवाल्याने लाडू उजेडात धरून बराच वेळ पाहिला. उगवेल की काय, अशी त्याला भीती वाटली असावी.

जहाजात शिरताच प्रश्न आला, खाऊच्या पिशव्या कुणाच्या खोलीत?

"वहिनीच्या!" भास्करभाऊजी म्हणाले. "फुकटची हाय ना ते! पैशाच्या खोल्या काऊन अडवाच्या?"

ठराव जागच्या जागी मंजूर झाला. आमच्याकडच्या लग्नात एक कोठी असते. लाडवांची, कुलपाची खोली. आणि किल्ली कमरेला लावून तिथे बसणारी एक भरवशाची बाई असते. आमच्या घराण्यात ती बाई म्हणजे मी. मंगलाष्टकं मी आजवर भिंतीपलीकडूनच ऐकत आले आहे. आता अरबी समुद्रातही माझी कोठी थाटली गेली! पिशव्या आत्याबाईंच्या बेडवर रचल्या गेल्या. आत्याबाईंनी त्या ढिगाकडे पाहिलं आणि उशी काखेत मारली.

"मी जातो वं कुंदीच्या खोलीत. तिथं साऱ्याजनी हायेत."

खरंच होत्या. लग्नघराच्या सवयीने आमच्या सगळ्या बायका कुंदाच्या खोलीत, घरून आणलेल्या सतरंज्या पसरून, जमिनीवर. सगळे पुरुष शेजारच्या खोलीत पत्ते घेऊन. सात खोल्यांचे पैसे भरून आमचं कुटुंब दोन खोल्यांत राहत होतं! उरलेल्या पाच खोल्यांत कुणी नव्हतं, आणि माझ्या फुकटच्या खोलीत मी होते. खिडकीही नव्हती तिला. भिंतीवर समुद्राचं चित्र होतं. ते पाहत मी शंकरपाळ्यांशेजारी पडून राहिले. भिंतीपलीकडे आत्याबाई काहीतरी सांगत होत्या आणि हसण्याचा एकेक लोट येत होता.

सकाळी मीही जाऊन सतरंजीच्या कडेला टेकले. कुंदा घाबरलीच. "बाई, तुमी इथं बसल्या, तं कोठी कोन पाहीन?"

मी कोठीत परत आले. "काकू, शेव आहे?" "वहिनी, दोन लाडू टाका." "मामी, तिखट कोनत्या पिशवीत हाय?" दोन दिवसांत झाडून सगळं कुटुंब माझ्याकडे येऊन गेलं. बसलं कुणीच नाही. मेहकरला दुकानात तरी माणसं भाव करायला थांबतात!

शेवटच्या संध्याकाळी मी कमरेला पदर खोचला आणि दोन्ही खोल्यांच्या दारात जाऊन खणखणीत आवाजात सांगितलं, "जहाजाचा नवीन नियम आहे. खाऊ खोलीबाहेर न्यायला बंदी. खायचा असेल तर कोठीत बसून खायचा." (नियम मी पाच मिनिटांपूर्वी केला होता.)

"हे काय भानगड लावली बे यानं!" भास्करभाऊजी जहाजावर चिडले. पण आले. सगळे आले! दोन्ही बेडवर मिळून आठ बायका. मधोमध मांडी घालून आत्याबाई. न्हाणीच्या उंबऱ्यावर भास्करभाऊजी. टीव्हीच्या फळीवर प्रवीणराव, विष्णूसारखे, वेगळी बशी घेऊन. उरलेले पुरुष जिथे पाय मावेल तिथे. आत्याबाईंनी त्यांच्या लग्नातला रुसलेला नवरदेव सुरू केला आणि खोली नुसती उकळायला लागली. मी वाढत होते. वाढता वाढता मागे सरकत गेले, आणि कधी दाराबाहेर आले ते कळलं नाही. पुन्हा आत शिरायला बघते, तर पायापुरतीही फट नाही.

आवाज ऐकून जहाजावरचा एक कर्मचारी धावत आला.

"मॅडम, ये कमरा किसका है?"

"मेरा."

"इसमें कितने लोग रहते हैं?"

"मैं अकेली," मी म्हटलं. आतून तेवढ्यात ओरडा आला, "वहिनी, लाडू संपले न!"

त्याने आत डोकावून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातल्या, 'सुधारित सोयाबीन बियाणे' लिहिलेल्या पाकिटाकडे पाहिलं. आणि फार मऊ आवाजात म्हणाला, "मॅडम, आप अपने कमरे में जाकर थोड़ा बैठ जाइए."

आता त्याला काय सांगू? तिथे बसायला जागा मिळावी, म्हणून तर मी पंधरा माणसं समुद्रात आणली होती!