समुद्राच्या वाटेवरची पाटी

वर्ना हाकालाने सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवली आणि एवढ्या वर्षांत एकाही पोराला साधं खरचटलंसुद्धा नाही. पोर रस्ता ओलांडून पलीकडच्या फाटकात शिरेपर्यंत ती ब्रेकवरचा पाय काढायची नाही. मागे ओंडक्यांचे ट्रक उभे राहून भोंगे वाजवत, शिव्या देत. देऊ देत.

तिचा नवरा टॉइवो गावातल्या लाकूडगिरणीत करवतींना धार लावायचा. खाली यंत्रांचा नुसता गदारोळ, आणि वरच्या खोलीत हा माणूस एकेक दात बोटाने चाचपत, कानसत बसलेला. त्याचा हात इतका स्थिर होता की सुट्टीच्या दिवशी लोक त्याच्याकडून होड्यांवर नावं आणि दुकानांच्या पाट्या रंगवून घ्यायचे. त्या गावच्या, फोर्ट ब्रॅगच्या, धक्क्यावर एके काळी निम्म्या होड्यांची नावं टॉइवोच्या हातची होती.

मग गिरणी बंद पडली. दोन वर्षांनी त्याचा उजवा हात थरथरू लागला आणि तो थरथरतच राहिला. डॉक्टरांनी सांगितलं, पार्किन्सन. पुढच्या चार वर्षांत घर विकावं लागलं आणि दोघं एका जुन्या ट्रेलरमध्ये, चाकांवरच्या घरात, राहायला आली.

तो ट्रेलर उभा होता बेअरपॉ नदीच्या काठी, रेडवूडच्या उंच झाडांच्या रानात, सुट्टीला तंबू ठोकायला येणाऱ्यांच्या कॅम्पमध्ये. तिथून समुद्र मैलभर. कॅम्पची मालकी कुणा कंपनीची. जागा, वीज, पाणी फुकट. त्याच्या बदल्यात वर्नाने संडास धुवायचे, चुलींतली राख काढायची, सरपणाच्या मोळ्या विकायच्या, आल्यागेल्यावर लक्ष ठेवायचं. टॉइवोने जमेल ते करायचं. आलेले लोक मान वर करकरून झाडं बघत आणि वर्नाला म्हणत, "काय नशीबवान आहात हो, स्वर्गातच राहता की!" त्या स्वर्गात ट्रेलरच्या छपरावर ऊन यायचं दिवसाला दोन तास. बाकी वेळ धुकं फांद्यांवरून टिपटिप गळत राहायचं. अंथरुणाला, पावाला, कपाटातल्या कोटाला बुरशी चढायची.

"ऊन बघायचं असेल तर मला तिकीट काढून जावं लागेल," टॉइवो म्हणायचा.

"तिकीट मी काढते. तू आधी मोळ्या बांध," वर्ना म्हणायची.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये दारू प्यायलेल्या एका टोळक्याने समुद्राच्या वाटेवरचा पाटीचा खांब उपटला आणि शेकोटीत घातला. अर्धी करपलेली पाटी घेऊन कॅम्पचा व्यवस्थापक प्रुइट आला. तिशीतला, घाईघाईने बोलणारा माणूस. त्या पाटीवर लिहिलेलं होतं: चोरट्या लाटा येतात, समुद्राकडे पाठ फिरवू नका, इथे माणसं बुडाली आहेत. त्या किनाऱ्यावर अर्धा अर्धा तास समुद्र शहाण्यासारखा वागतो आणि मग एकाएकी एखादी लाट तीसचाळीस पावलं आत घुसते. गावातली पोरं हे चालायला लागल्यापासून शिकतात. बाहेरच्यांना पाटीच शिकवणार.

"नवी मागवतो ऑफिसातून," प्रुइट म्हणाला. "सहाआठ आठवडे जातील."

"कशाला? मी तीन दिवसांत देतो," टॉइवो म्हणाला.

त्याने चांगली फळी निवडली, रंधा मारला, पांढरा रंग दिला. तिथवर सगळं ठीक होतं. अक्षरं मात्र त्याचं ऐकेनात. ओळ लिहायची, खरवडायची, पुन्हा पांढरा रंग द्यायचा, वाळू द्यायचं. आणि त्या धुक्यात रंग वाळायलाही चार चार दिवस लागायचे. कधी तो डाव्या हाताने उजवं मनगट धरून लिहायचा. सप्टेंबर गेला.

"अक्षरांचे साचे आणू का दुकानातून?" वर्नाने एकदा विचारलं.

"साचे बालवाडीत वापरतात."

"मग प्रुइटला सांगते, की नवीच मागव म्हणून."

टॉइवोने ब्रश डब्यावर ठेवला. "सांग ना. जाऊन सांग. म्हणावं, म्हाताऱ्याला आता पाटीसुद्धा जमत नाही. ट्रेलर इथून कधी हलवायचा तेही विचारून ये."

वर्नाने तो विषय पुन्हा काढला नाही. प्रुइट विचारायचा तेव्हा तीच म्हणायची, "होत आली, होत आली." आणि पाटीच्या जागी ती स्वतः उभी राहिली. कुणीही नदीच्या वाटेला लागलं की हातातलं काम टाकून गाठायची आणि सांगायची, पाण्याकडे पाठ करू नका, वाहून आलेल्या ओंडक्यांच्या अलीकडेच थांबा. दिवसातून दहादा, वीसदा. तिला वाटलं, निभतंय.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी अकरा नंबरच्या जागेवर एक जोडपं उतरलं. एफ्रेन आणि मारिसेला. डोंगरांपलीकडच्या खोऱ्यातल्या लोडाय गावाहून आलेली, दोघंही बदाम फोडायच्या कारखान्यात कामाला. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि दोघांना एकदम सुट्टी ही पहिल्यांदाच. तंबू शेजाऱ्याकडून मागून आणलेला. तो उभारताना दोघं इतकी हसत होती की वर्नालाही हसू आलं.

दुपारी धुकं सरलं. वर्ना तुंबलेल्या संडासात कोपरापर्यंत हात घालून बसली होती. एफ्रेन दाराशी येऊन उभा राहिला, टोपी काढून, मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "सेन्योरा, समुद्र कुठं?"

"नदीच्या काठाकाठाने सरळ जा. वीस मिनिटं. ऊन आहे तोवर जाऊन या," वर्ना म्हणाली, आणि पुढचं वाक्य बोलणार तोच ट्रेलरमधून भांडी पडल्याचा आणि त्यापाठोपाठ माणूस पडल्याचा आवाज आला. ती तशीच धावली. टॉइवो मोरीपाशी आडवा झाला होता. कपाळाला खोक पडली होती. ती पुसून, पट्टी बांधून, त्याला अंथरुणावर निजवून ती बाहेर आली तेव्हा वाटेवर कुणी नव्हतं.

तासाभराने मारिसेला रानातून धावत आली. छातीपर्यंत भिजलेली, पायात एकच बूट. बोलत होती ते सगळं स्पॅनिशमध्ये. पण वर्नाला एक शब्दही न कळता सगळं कळलं.

एफ्रेन पाण्याकडे पाठ करून उभा होता. मारिसेला वर वाहून आलेल्या ओंडक्यावर बसून त्याचा फोटो काढत होती. लाट त्याच्या खांद्यांवरून आली. तो एकदा उठून उभा राहिला, हसलासुद्धा. परत जाणाऱ्या पाण्याने पायांखालचे गोटे ओढून नेले, आणि त्यालाही.

हेलिकॉप्टर दोन दिवस फिरलं. मग थांबलं. त्या बर्फगार पाण्यात माणूस अर्धा तासही टिकत नाही, हे शोधणाऱ्यांनी मारिसेलाला जेवढं सौम्यपणे सांगता येईल तेवढं सांगितलं. रविवारी तिचा भाऊ आला. सोमवारी त्याला कामावर हजर व्हायचं होतं.

"चल घरी. इथं बसून काय होणार आहे?"

"त्याला घेतल्याशिवाय मी यायची नाही."

तो एकटाच परत गेला. मारिसेला रोज उजाडताच किनाऱ्यावर जायची, अंधारायच्या आत परत यायची आणि तंबूच्या तोंडाशी बसून राहायची. वर्ना तिला सूप, उकडलेले बटाटे, कॉफी नेऊन द्यायची. दोघी फारसं बोलायच्या नाहीत. टॉइवो ट्रेलरबाहेर पडत नव्हता. पाटी ट्रेलरमागे ताडपत्रीखाली होती आणि त्या बाजूची खिडकी त्याने पडदा ओढून बंद केली होती.

चौथ्या दिवशी प्रुइट अपघाताच्या अहवालाचा कागद घेऊन आला. "वर्ना, पाटीबद्दल काय लिहू?"

"झालं ते लिहा."

"ते लिहिलं तर तुम्हाला इथून जावं लागेल. माझीही नोकरी जाईल. लिहितो, वादळात पडली, दुरुस्तीला दिली होती." तिच्याकडे न बघताच तो पुढे म्हणाला, "तशाही पाट्या वाचतंय कोण?"

त्याने तेच लिहिलं आणि वर्नाने सही केली.

सहाव्या दिवशी मारिसेलाने सुपाचा वाडगा हातात घेतला आणि विचारलं, "एवढा वाईट समुद्र, आणि तिथं काहीच कसं लिहिलेलं नव्हतं?"

"होती पाटी," वर्ना म्हणाली. "वादळात पडली."

मारिसेलाने मान हलवली. "असं होय," म्हणाली, आणि सुपाबद्दल आभार मानले.

त्या आभारांनी वर्ना खचली. मारिसेलाने शंका घेतली असती, शिवी दिली असती, तर तिला तगून राहता आलं असतं. ती ट्रेलरमध्ये आली आणि कोट न काढताच खुर्चीत बसली.

"काय विचारत होती?" टॉइवोने विचारलं.

"पाटीचं."

"काय सांगितलंस?"

"वादळ."

तो टेबलाला धरून उठला. मग तो म्हणाला, "माझे बूट दे."

"कशाला?"

"तुझ्या तोंडून हे निघणं बरं नाही. माझी पाटी आहे, मी सांगतो."

त्याला नाड्या बांधता येईनात. वर्नाने खाली बसून बांधल्या. ट्रेलरपासून अकरा नंबर जेमतेम साठ पावलांवर, पण तेवढं चालायला त्यांना दहा मिनिटं लागली. मारिसेला त्यांना येताना बघून उभी राहिली आणि तिने आपली खुर्ची टॉइवोपुढे सरकवली. तो बसला नाही.

"पाटी वादळात पडली नाही," तो म्हणाला. "दोन महिने माझ्याकडे होती. मला रंगवता येत नव्हती आणि येत नाही म्हणून सांगायची लाज वाटत होती. एवढंच आहे."

"एवढंच नाही," वर्ना म्हणाली. "मला सगळं ठाऊक होतं. मी झाकून ठेवलं. आणि तुमच्या नवऱ्याला वाट मी दाखवली, पण पुढचं सांगितलं नाही."

"दाखवा ती पाटी," मारिसेला म्हणाली.

वर्नाने तिला ट्रेलरमागे नेऊन ताडपत्री बाजूला केली. पांढऱ्या फळीवर दीड ओळ होती, आजारी माणसाने लिहावी तशी. मारिसेला उकिडवी बसली आणि तिने ती ओळ बोट ठेवून वाचली.

"एफ्रेनला इंग्रजी वाचता येत नव्हतं," ती म्हणाली.

टॉइवोने चटकन मान वर केली. त्या चेहऱ्यावर जे उमटलं ते वर्नाला बघवेना. बुडत्याला दोर दिसावा तसा तो त्या पोरीकडे बघत होता.

"मला येतं," मारिसेला म्हणाली.

ती उठली, हात झटकले. जाताना वर्नाला म्हणाली, "उद्यापासून जेवण आणू नका."

अकराव्या दिवशी खेकडे धरणाऱ्या एका होडीला नदीच्या मुखाच्या उत्तरेला प्रेत सापडलं. मारिसेला जाऊन बघून आली. भाऊ न्यायला आला होता. तंबू ओलाच होता, तसाच गुंडाळून दोघांनी गाडीत टाकला. वर्ना मोळ्यांच्या ढिगापाशी उभी होती. गाडी तिच्यासमोरून गेली. मारिसेला समोर बघत होती.

त्याच दुपारी वर्नाने कंपनीच्या ऑफिसला पत्र लिहून आपण खोट्या कागदावर सही केल्याचं कळवलं. नाताळच्या आधी जागा सोडायचा हुकूम आला. प्रुइटची नोकरी गेली. तो तिला एवढंच म्हणाला, "तुम्हाला गप्प बसता आलं नाही का हो?"

तिची बहीण आयलीन आत डोंगरापलीकडे युकायाला राहायची. तिच्या परसात त्यांनी ट्रेलर लावला. तिथे ऊन भरपूर होतं. टॉइवो दाराशी खुर्ची टाकून उन्हात बसायचा आणि त्याबद्दल एक अक्षर बोलायचा नाही. जेवणही हळूहळू टाकलं. मार्चमध्ये छातीत कफ भरला आणि नवव्या दिवशी तो गेला.

त्याच वर्षी पुढे मारिसेलाने कंपनीवर दावा लावला आणि वर्नाला जबानीसाठी बोलावणं आलं. वकिलाच्या ऑफिसबाहेर एकच बाक होतं. मारिसेला आधीच बसलेली, अंगावर कारखान्याचाच शर्ट. वर्ना उभी राहिली.

"बसा," मारिसेला म्हणाली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "म्हातारबाबा कुठं आहेत?"

"गेले. मार्चमध्ये."

मारिसेलाने मान हलवली. आतून नाव पुकारलं तेव्हा वर्ना तिच्या शेजारून उठली.

आत कंपनीचा वकील फार गोड बोलला. बाईंना पाणी हवंय का, खुर्ची ठीक आहे ना. मग म्हणाला, "म्हणजे पाटीचं काम तुमच्या पतींनी आपणहून अंगावर घेतलं, आणि न झाल्याचं त्यांनीच कुणाला कळवलं नाही. बरोबर?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी चाललं असतं. टॉइवो मेलेला होता, त्याला काही लागणार नव्हतं, आणि शब्द खोटाही ठरला नसता.

"नाही," वर्ना म्हणाली. "त्याचा हात चालत नव्हता. माझं तोंड चालत होतं. व्यवस्थापक विचारायचा आणि मी सांगायची, होत आली. हे माझं नाव घालून लिहा."

तिने तारखा सांगितल्या, खोट्या कागदाचं सांगितलं, संडासाच्या दाराशी उभ्या राहिलेल्या माणसाचं सांगितलं. दीड तास लागला. बाहेर आली तेव्हा बाक रिकामं होतं.

आयलीन खाली गाडीत थांबली होती. "झालं?"

"झालं."

"त्या पोरीच्या बाजूने एवढी बोललीस, ती काही म्हणाली का? साधे आभार तरी मानले?"

"कशाबद्दल?" वर्नाने विचारलं, आणि किल्ली मागून घेऊन गाडी सुरू केली.