समासातलं ‘योग्य’

आमच्या येळ्ळूरच्या घरात वाचायचं ते लाल पेन हातात धरून. आप्पांनी मला अक्षरं शिकवली तीच सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणून निघणाऱ्या मोर्च्यांच्या पत्रकांवर. कामाच्या वाक्याखाली रेघ मारायची, पटलं तर समासात ‘योग्य’ लिहायचं. पुढे मी कादंबऱ्याही तशाच वाचू लागलो.

यंदा नागपंचमीच्या आधी बेळगावात जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर एक कादंबरी मिळाली. तिच्यातला भाऊ जमिनीच्या भांडणापायी बहिणीनं आणलेला लाडवांचा डबा उंबऱ्यावरूनच परत करतो. तत्त्वाचा माणूस! मी ठसठशीत ‘योग्य’ लिहिलं आणि पान उलटलं. पुढच्या पानावर ती बहीण बसमध्ये डबा उघडते, शेजारच्या अनोळखी बायकांना लाडू वाटते आणि सांगते, “माझ्या भावानं दिलेत.”

मी पुस्तक मिटलं. पुढे वाचवेना.

आक्का निपाणीला दिलेली. तिनं लेकीला कन्नड शाळेत घातलं, म्हणून गेल्या पंचमीला मी तिला माहेरी आणायला गेलो नव्हतो. तिनं कंडक्टरजवळ लाडवांचा डबा पाठवला, तो मी त्याच्याच हाती परत धाडला. त्यानंतर तिचा फोन आला नाही. माझ्या मतासाठी मी आजही रस्त्यावर उतरेन. पण त्या डब्याचं पुढे काय झालं, हे मी वर्षभर स्वतःलाही विचारलं नव्हतं.

पंचमीच्या आदल्या दिवशी निपाणी गाठली. आक्का दारातच उभी.

“काय रं, वाट चुकलास व्हय? का पत्रकं वाटायला आलास?”

“तुला न्यायला आलोय.”

ती दारातून बाजूला सरली.

“आक्का, त्या डब्याचं काय केलंस?”

“कंडक्टरलाच दिला. लई झ्याक झाल्यात म्हणाला. तुझ्यापरीस त्याला अक्कल हाय.” एवढं बोलून ती पिशवी भरायला आत गेली.

परतीच्या बसमध्ये भाचीनं माझ्या झोळीतली कादंबरी काढली. अडखळत, पण मराठीच वाचत होती. एकाएकी थांबली.

“मामा, डबा परत दिला त्यात काय योग्य? कुणी लिवलंय हे?”

“मीच.”

“मग खोडा की.”

मी आक्काकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत हसत होती.

“राहू दे,” मी म्हणालो. “पुढचं पान वाच. त्याच्या पुढचं मीपण अजून वाचलं न्हाय.”