मसाटच्या गेटवरची पाटी

केसरबाईने डूख धरला तो एकाच माणसावर, आणि तो माणूस म्हणजे कंपनीचा सुपरवायझर सदाशिव पेडणेकर.

साक्रीकडून नवऱ्यामागे सिल्वासात आलेली ही बाई. मसाटला हसमुखशेठची प्लास्टिकच्या बादल्यांची कंपनी होती, तिथे ती पॅकिंगला लागली. साल अठ्ठ्याऐंशी. कंपनीला उणंपुरं दीड वर्ष झालेलं, माणसं नवी, निम्मी तर सरळ शेतावरून उठून आलेली. आठ वाजले म्हणजे नेमकं काय, हेच त्यांना शिकवायचं होतं. म्हणून दोन गोष्टी निघाल्या. महिनाभर जो सगळ्यांच्या आधी येईल, त्याला पुढचा महिना पहिल्या मशीनला अगरबत्ती लावायचा मान, आणि गेटवरच्या घड्याळाला दर सोमवारी चावी देण्याचं कामही त्याचंच. जो आठनंतर येईल त्याच्या गळ्यात पाटी. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून केलेली, वर लाल रंगात ‘लेट’. ती घालून अर्धा तास गेटबाहेर रस्त्याकडे तोंड करून उभं राहायचं.

मान शेठच्या डोक्यातून निघाला आणि पाटी सदाशिवच्या, असं सगळेच धरून चालले. शेठ गोड बोलायचा, पोराबाळांची चौकशी करायचा. सदाशिव कोकणातला, टोकरखाड्याला राहणारा; कडक इस्त्रीचा शर्ट आणि समोरच्याकडे बघताना नाकाला वास आल्यासारखा चेहरा. अशा माणसावर संशय घ्यायला कुणाला वेळ लागतो?

त्या सकाळी केसरबाईच्या गुड्डीला पहाटेपासून उलट्या होत होत्या. पोरीला शेजारच्या मंगलाच्या ओटीत टाकून ती धावत सुटली. ती पोचली तेव्हा समोरच्या चहाच्या टपरीवर रेडिओला आठच्या बातम्या नुकत्या लागत होत्या. गेटचं घड्याळ मात्र आठ वाजून सहा मिनिटं दाखवत होतं. ते सदाशिवने मुद्दाम पुढे ठेवलंय, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे मूग गिळून होते.

“साहेब, बातम्या आत्ता लागल्या. मी टायमावर आली,” ती म्हणाली.

“रेडिओ टपरीवाल्याचा आहे. इथे गेटचं घड्याळ खरं,” सदाशिव म्हणाला, आणि त्याने आपल्या हाताने पाटी तिच्या गळ्यात घातली.

अख्खं मसाट त्या रस्त्याने कामावर गेलं. गाववाल्या दोघी तोंड फिरवून गेल्या. तेही तिने गिळलं असतं. पण गुड्डी रडून रडून आवरेना म्हणून मंगला तिला कडेवर घेऊन तिथेच आली, आणि पाच वर्षांच्या पोरीने विचारलं, की आईच्या गळ्यात काय लिहिलंय. केसरबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी तो एक शब्द तिला बरोबर कळत होता.

त्या दिवसापासून तिला एकच हवं होतं: ती पाटी त्या इस्त्रीच्या शर्टावर बघायची. बादल्या रचताना, भाकरी थापताना, डोळे मिटले की तेच. ती सातला येऊ लागली. पुढच्या महिन्याचा मान तिला मिळाला, त्याच्या पुढचाही, आणि मग दर महिन्याचा. शेठने कौतुक केलं. तिला त्याचं काडीचं सुख नव्हतं. सदाशिव उशिरा येण्याची ती वाट बघत होती आणि तो मेला रोज गेटच्या घड्याळात आठला पाच कमी असताना स्कूटरवरून उतरायचा. असं एक वर्ष गेलं. आपण होऊन तो चुकणार नाही हे तिला कळून चुकलं.

मग एका रविवारच्या बाजारात तिने एकेकाला गाठून सांगितलं, उद्या अर्धा तास आधी या. साठ माणसं, का म्हणून कुणी विचारलं नाही. पाटी एकदाही गळ्यात पडली नव्हती असा त्यांच्यात माणूसच नव्हता.

सोमवारी तिने घड्याळाला चावी दिली आणि मोठा काटा पंधरा मिनिटं पुढे सरकवला. सदाशिव नेहमीच्या वेळी आला. गेट बंद, आत साठ माणसं उभी, काटा आठ-दहावर. त्याने मनगट वर करून आपलं घड्याळ दाखवलं. वॉचमन लखन खाली बघत राहिला.

“साहेब,” केसरबाई म्हणाली, “इथे गेटचं घड्याळ खरं.”

तो ओरडला असता, त्याने शिव्या दिल्या असत्या, तर सुटला असता. पण आज नियम मोडला तर उद्यापासून आपलं कोण ऐकणार, हे त्याला लख्ख दिसलं असावं. त्याने हात पुढे केला, पाटी घेतली आणि स्वतःच गळ्यात घातली. मग वळताना गेटच्या पलीकडून तिला हळूच विचारलं, “बाई, तुम्हीच ना?”

“हो. मीच.”

तो रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. मानेवर घाम आला, कॉलर भिजली. केसरबाई दारात खोकी घडी करत बसली आणि पोटभर बघत राहिली. तिला दया आली नाही. का यावी?

दहा मिनिटं झाली असतील नसतील, हसमुखशेठची गाडी आली. शेठ उतरला, धावत गेला, त्याने स्वतःच्या हाताने पाटी काढली आणि सगळ्यांदेखत सदाशिवच्या पाठीवर हात ठेवला.

“अरे सदाशिवभाई, ये पाटी तो मैंने लेबर के लिए बनवाई थी. स्टाफ के लिए थोडी!”

केसरबाईच्या हातातलं खोकं तसंच राहिलं. वर्षभर तिने चुकीच्या माणसावर डूख धरला होता. त्याच दिवशी पाटी भंगारात गेली. साठ गळ्यांतून फिरली तेव्हा कुणाला खुपली नव्हती ती, एका साहेबाच्या गळ्यात दहा मिनिटं लटकली आणि खुपली.

नंतर आठ वर्षं ती तिथे राबली, एक दिवस उशीर न करता. डूख गेला नव्हता, फक्त माणूस बदलला होता. पण शेठची गाडी कधी साडेसातला यायची, कधी अकराला, कधी येतच नसे. त्याला कशात पकडणार? त्याला यायची वेळच नव्हती.