तांडेलाचे लग्न लागले की नाही

आमच्या वाचनालयात एक सचित्र मासिक मुंबईहून बोटीने येत असे. त्याच्या शेवटच्या दोन पानांवर चित्रकथा असे. सहा चित्रे आणि प्रत्येक चित्राखाली दोन ओळी, एवढाच तिचा विस्तार. नायक एका गलबताचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या. मासिकात त्याला नाव होते, पण आम्ही त्याला नुसते तांडेलच म्हणत असू. मी त्या वेळी चोवीस वर्षांचा होतो, मराठी शाळेत शिक्षक होतो आणि स्वतःला गंभीर माणूस समजत होतो. त्या दोन पानांसाठी मी बोटीची वाट पाहत असे, हे मी कोणाला सांगत नसे.

पहिली दोन वर्षे एका चित्रकाराने तांडेल काढला. जाड रेघ. तोंड अर्धे सावलीत. गलबताचा प्रत्येक दोर जागच्या जागी. मग तो चित्रकार गेला आणि दुसरा आला. कुठे गेला ते मासिकाने छापले नाही. दुसऱ्याचा तांडेल उघड्या छातीचा. दंडाला बेटकुळ्या, कपाळावर कुरळे केस. वारा कुठूनही असो, शीड वाचकाच्या दिशेने फुगलेले.

वाचनालयात दोन तट पडले. जुन्या चित्रकाराच्या बाजूचा पुढारी मी. नव्याच्या बाजूचा आमच्याच शाळेतला चित्रकलेचा शिक्षक. तो मुंबईला परीक्षा देऊन आलेला होता आणि हे तो विसरू देत नसे.

"तुमच्या जुन्याला माणसाचं शरीर येत नव्हतं," तो म्हणे. "म्हणून सगळं सावलीत घालायचा."

"आणि तुमच्या नव्याला बोटं मोजता येत नाहीत. गेल्या अंकात उजव्या हाताला सहा आहेत."

"तो दोर आहे."

"दोराला नख असतं?"

यावर अंक मागवला जाई, खिडकीशी नेला जाई, भिंग आणले जाई. वाचनालयाचे अध्यक्ष एक निवृत्त शिरस्तेदार होते. उभी हयात कोर्टात गेलेली. ते भिंगातून पाहत आणि म्हणत, "पुरावा संदिग्ध आहे." सहाव्या बोटाचा निकाल आजतागायत लागलेला नाही.

अशात बातमी आली की तांडेलावर मुंबईत सिनेमा निघाला. मुंबईला बोलपट सुरू झाले होते, पण आमच्याकडे येणारे तंबूवाले अजून मुकेच खेळ आणीत. चित्रकला शिक्षक वाचनालयात येऊन म्हणाला, "आता तांडेलाचं लग्न होणार. नव्याने त्याला तरुण केला तो उगीच नाही. सिनेमाला नायिका लागते."

मासिकात तांडेलाच्या आसपास चार वर्षांत एकही बाई आली नव्हती. एकदा एक म्हातारी मासे विकताना मागे दिसली होती, एवढेच.

"तांडेल लग्न करायचा नाही," मी म्हणालो.

"केलं तर?"

"केलं तर मिशी काढीन."

शिरस्तेदारांनी चष्मा कपाळावर सरकवला. काय बोललो ते मला तेव्हा कळले. वडील हयात असताना मुलाने मिशी काढायची नाही, असा आमच्याकडे नेम होता. मिशी उतरते ती बाप गेल्यावर, क्रियेला बसताना. बिनमिशीचा मुलगा दारात उभा राहिला तर येणारा-जाणारा आधी बापाची विचारपूस करी. माझे वडील घरी होते, ठणठणीत होते आणि भिक्षुकी करीत होते. असल्या गोष्टीत ते थट्टा जाणत नसत.

चित्रकला शिक्षकाचे वडील पूर्वीच वारलेले. त्याचे तोंड गुळगुळीत होते. मिशी पणाला लावण्याची त्याला सोयच नव्हती. तो म्हणाला, "आणि नाही केलं तर मी तुमच्या जुन्याच्या हातचा वाटेल असा तांडेल काढीन, दोन हात उंचीचा, आणि इथे भिंतीवर टांगीन." त्याच्या दृष्टीने हे मिशीपेक्षा भारी होते. शिरस्तेदारांनी दोन्ही विधाने कागदावर उतरवून आमच्या सह्या घेतल्या. शब्द मागे घेण्याची वाट त्यामुळे बंद झाली.

दिवाळीनंतर तांडेलाचा खेळ घेऊन तंबू आला तो मांडवीच्या मैदानात लागला. पडद्यावरच्या पाट्या इंग्रजी आणि गुजराती. त्या मराठीत समजावून सांगायला तंबूवाल्याबरोबर एक माणूस असे. तो बोटीतून उतरला तोच घसा बसलेला. तंबूवाला शाळेत येऊन मोठ्या आवाजाचा मास्तर शोधू लागला. मी लगेच कबूल झालो. तांडेलाविषयी गावाला बरोबर ते सांगितले जावे, एवढाच माझा हेतू होता. घसा बसलेल्या माणसाने आपली वही माझ्या हाती दिली. तीत प्रत्येक रिळात काय घडते आणि कुठे आवाज चढवायचा ते लिहिलेले होते. मी ती तिथेच उभ्याने वाचली. सहाव्या रिळापुढे दोनच शब्द होते : "लग्न. टाळ्या."

मी वही मिटली. खेळाला अडीच तास होते.

संध्याकाळी तंबू भरला. शिरस्तेदार पहिल्या खुर्चीवर, शेजारी चित्रकला शिक्षक. पुढे जमिनीवर बंदरावरचे खलाशी, त्यांच्यात हर्णेचा एक मुसलमान तांडेल, खराखुरा. पडद्याशेजारी छडी घेऊन मी.

पहिल्या रिळात गलबत दिसले. ते तळ्यात होते. पलीकडच्या काठावर गाय चरत होती.

"मास्तर," हर्णेचा तांडेल म्हणाला, "निशाण फडकतंय मागं आनि शीड फुगलंय पुढं. ह्या बंदरात वारं दोन हाईत काय?"

खलाशी हसले. मी चित्रकला शिक्षकाकडे पाहिले. त्याने तंबूच्या छताकडे पाहिले. तिथपर्यंत सारे माझ्या मनासारखे चालले होते.

सहाव्या रिळात मांडव आला, मुंडावळ्या आल्या, नवरी आली. मी छडी उचलली आणि वर्गात बोलतो त्या आवाजात सांगितले, "हे लग्न खोटे आहे. शत्रूच्या किल्ल्यात वऱ्हाडाशिवाय कोणाला आत घेत नाहीत. म्हणून तांडेलाने नवरदेवाचे सोंग घेतले आहे. नवरी हा त्याच्याच गलबतावरचा एक खलाशी."

तंबूला हे फार पसंत पडले. "कोन रे तो? ओळखा!" अशी हाक उठली. नवरी लाजली तेव्हा शिट्या वाजल्या.

"मास्तर, पाटी वाचा की!" चित्रकला शिक्षक उभा राहून ओरडला. पाटीवर इंग्रजीत लिहिले होते की येणेप्रमाणे ती दोघे पती-पत्नी झाली.

"येणेप्रमाणे शत्रू फसला," मी वाचले.

पहिल्या रांगेतला एक गुजराती व्यापारी एकटाच हसू लागला आणि खेळ संपेपर्यंत हसत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालयात सुनावणी झाली. चित्रकला शिक्षकाने माझ्यावर खोट्या भाषांतराचा आरोप ठेवला. मी तो नाकारला नाही. मी म्हणालो, "पाटी काहीही म्हणो. अग्नीभोवती फेऱ्या किती झाल्या? पाच. मी मोजल्या आहेत. सातवे पाऊल पडल्याखेरीज विवाह पूर्ण होत नाही."

हे खरे होते. पट गावोगाव फिरून झिजला होता आणि जागोजाग तुटून जोडलेला होता. पाचव्या फेरीनंतर चित्र एकदम उडी मारून मेजवानीवर जाई. शिरस्तेदारांच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतर प्रथमच तेज आले. "मुद्दा कायद्याचा आहे," ते म्हणाले. "पुन्हा पाहावे लागेल."

दुसऱ्या संध्याकाळी अर्धा गाव फेऱ्या मोजायला आला. "एक! दोन!" असा गजर सुरू झाला. पाचाला मी थांबलो. पडदा थांबला नाही. सहावी झाली, सातवी झाली. चित्रकला शिक्षकाने दुपारी यंत्र चालवणाऱ्याला गाठून पेटीतला तुटका तुकडा शोधायला लावला होता आणि जोडून घेतला होता. तो उठून माझ्यापाशी आला आणि माझ्या ओठावर नजर ठेवून अगदी मऊ आवाजात म्हणाला, "न्हाव्याला मी परवा सकाळची वेळ दिली आहे."

त्या रात्री मी जेवलो नाही. आईने विचारले तर पोटाचे कारण सांगितले. वडिलांच्या समोर जाण्याचे टाळले.

सकाळी मी शेवटचा अर्ज केला : गावातला कोणी जाणता याज्ञिक बोलावून विधी शास्त्राप्रमाणे झाला की नाही ते विचारावे. शिरस्तेदारांनी तो मान्य केला आणि माझ्याच वडिलांचे नाव सुचवले. मी नको म्हणालो. चित्रकला शिक्षक मात्र लगेच तयार झाला. माझ्या वडिलांनी आजवर कोणाची भीड धरली नव्हती, माझी तर नव्हतीच. ते खरे तेच सांगतील याची त्याला खात्री होती. मलाही होती.

तिसऱ्या संध्याकाळी वडील उपरणे सावरीत तंबूत आले. सिनेमा त्यांनी तोवर पाहिला नव्हता. शिरस्तेदारांनी त्यांना खुर्ची दिली आणि पैजेविषयी चकार शब्द न काढता फक्त लग्न पाहायला सांगितले. पाच रिळे वडील हलले नाहीत. सहाव्यात मांडव आला. त्या दिवशी मी काहीच समजावून सांगितले नाही. सात फेऱ्या झाल्या. तंबूवाल्याने दिवा लावला.

"काय निष्कर्ष?" शिरस्तेदारांनी विचारले.

"भटजीचं तोंड हलत होतं," वडील म्हणाले. "मंत्र ऐकू आले नाहीत."

"काका, हा मूकपट आहे," चित्रकला शिक्षक म्हणाला.

"असेल. मुक्याने लागलेलं लग्न मी लग्न मानीत नाही."

"पण सात फेऱ्या झाल्या!"

"त्या प्रदक्षिणा. सप्तपदी निराळी. तांदळाच्या सात राशी मांडाव्या लागतात, नवरीने एकेकीवर पाऊल टाकायचं असतं. इथे राशी मुळी मांडल्याच नाहीत. तीस वर्षं लग्नं लावतोय मी. हे लागलेलं नाही."

शिरस्तेदारांनी खुर्चीच्या हातावर टिचकी मारली. "विवाह सिद्ध होत नाही," ते म्हणाले. हर्णेच्या तांडेलाने पुढून विचारले, "मंग ती पोरगी आता कुनाकडं ऱ्हायची?"

घरी येताना वडील पुढे आणि मी मागे. दारात ते थांबले.

"लग्न लागलं होतं," ते म्हणाले. "त्यांच्या रीतीने लागलं होतं."

मी खाली वाकून वहाणा काढू लागलो.

"न्हावी आज सकाळीच मिशीचं सांगून गेला. तुझ्यासाठी नाही बोललो मी. मला अजून काही वर्षं काढायची आहेत." मग पायावर पाणी घेता घेता म्हणाले, "कोण हा तांडेल? अंक घेऊन ये."

मी चार वर्षांचे अंक आणून दिले. चार दिवस ते ओटीवर बसून वाचत होते.

चित्रकला शिक्षकाने शब्द पाळला. दोन हात उंचीचा तांडेल जाड रेघेत, अर्ध्या सावलीत काढून वाचनालयाच्या भिंतीवर टांगला. दोर सगळे बरोबर होते. चेहरा माझा होता. मिशी चेहऱ्याच्या मानाने दुप्पट होती. लोक चित्राकडे पाहत, मग माझ्याकडे, आणि मासिक उलटे धरून वाचू लागत.

वडील मुद्दाम ते चित्र पाहायला आले. बराच वेळ उभे राहिले.

"नाक बरोबर आलंय," ते चित्रकला शिक्षकाला म्हणाले. "पण ही जाड रेघ माणूस झाकते. मी सगळे अंक पाहिले. तुझा तो दुसरा बरा. त्याचा तांडेल काम करणारा दिसतो."

"आणि ते सहावं बोट?" मी विचारले.

"दोर आहे तो," वडील म्हणाले.

पुढच्या महिन्यात अंक आला त्या संध्याकाळी चित्रकला शिक्षक आमच्या ओटीवर होता. आईने दोघांना चहा दिला. ते दोघे एकाच पानावर वाकून तांडेलाच्या दंडाविषयी बोलत होते. माझ्याकडे अंक आला तो दुसऱ्या दिवशी.