जाताना गाडी, येताना सायकल

चार माणसं आणि चार सायकली एकत्र आल्या की सहल होवो न होवो, किस्सा होतोच. आमच्या मंडळाने गुजरात किती पाहिला ते सोडा, पण किस्से इतके साठलेत की ते सांगायलाच आता एखादी गाडी पकडावी लागेल. फक्त ऐकायला बाकीचे तिघे हवेत, इतकंच!

मंडळ माझ्या डोक्यातून निघालं. बी.ए. झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की आम्हा बडोद्याच्या मुलांना टेम्स नदी नकाशात दाखवता येते, पण नर्मदा कुणी धड पाहिलेली नाही! म्हणून नियम केला: दर रविवारी जाताना रेल्वेने, सायकल सोबत न्यायची, आणि परत येताना गावं, शेतं, नद्या बघत सायकलने. सभासद चार. मी, कचेरीत कारकून असलेला दिघे, फतेगंजात राहणारा सायन्सवाला कारखानीस आणि कापडाच्या दुकानातला नटुभाई.

* * *

पहिल्याच रविवारी अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीच्या स्टेशनवर हमाल दिघेला म्हणाला, "साहेब, सायकल ब्रेकमां मूको!"

'मूको' म्हणजे ठेवा, आणि गार्डाच्या डब्याला रेल्वेत 'ब्रेक' म्हणतात, हे आम्हाला माहीत. दिघेला नाही. त्याने दोन्ही ब्रेक दाबले.

"अरे साहेब, ब्रेकमां, ब्रेकमां!"

दिघेने आणखी जोर लावला. "अहो, दाबलाय ना! अजून किती दाबू?"

शिट्टी झाली, गाडी हलली. आम्ही खिडकीतून ओरडतोय, आणि हा प्लॅटफॉर्मवर दोन्ही ब्रेक घट्ट धरून उभा!

आमची छोटी गाडी म्हणजे काय, दिघे रस्त्याने सायकल हाणत पुढच्या स्टेशनवर आमच्याआधी हजर. तिथे गार्डाने सायकल चढवायला साफ नकार दिला. पावती बडोद्याची, तेव्हा सामान बडोद्यालाच चढलं पाहिजे.

"मग मी काय करू?" दिघे रडकुंडीला आलेला.

गार्ड शांतपणे म्हणाला, "बडोदे पाछा जाव ने! त्यांथी चढावो." बडोद्याला परत जा, तिथून चढवा!

* * *

कारखानीसचं सगळं शास्त्रशुद्ध. शनिवारी संध्याकाळी तो गच्चीवर ओला रुमाल धरून वाऱ्याची दिशा पाहायचा. "वारा दक्षिणेचा! म्हणजे उद्या करजण. गाडीने जायचं आणि वारा पाठीशी घेऊन यायचं. पायडल मारायचीसुद्धा गरज नाही!"

करजणला उतरलो, सायकलींवर बसलो आणि वारा थेट तोंडावर. डोळ्यांत धूळ, तोंडात धूळ. नटुभाईची टोपी तर दोनदा करजणला परत निघाली! शेवटी एका लिंबाखाली आम्ही आडवे झालो. कारखानीस धापा टाकत म्हणाला, "माझा वारा बरोबर होता. आपलीच दिशा चुकली."

नटुभाई म्हणाला, "तो पछी घर बदली नाख, भाई!" मग घरच बदलून टाक!

कारखानीसने ते मनावर घेतलं म्हणायचं. वर्षभरात त्याला मुंबईला नोकरी लागली. मी विचारलं, "सायकल?" तर म्हणे, "मुंबईत वेळ कुठे रे!" सायकल आमच्या आळीतल्या दूधवाल्याने घेतली. आता रोज सकाळी ती दोन चरव्या लटकवून माझ्या दारावरून जाते. कारखानीसपेक्षा त्याची सायकल जास्त निष्ठावान निघाली!

* * *

मग दिघेचं लग्न झालं. आमचा रिवाज असा की रविवारी पहाटे एकमेकांच्या दारात तीनदा घंटी वाजवायची. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी मी वाजवली. दिघे नाही, दिघेच्या आई गॅलरीत आल्या.

"अरे, झोपलाय तो. कशाला उठवतोस?"

"काकू, डभोईची गाडी चुकेल!"

"मग तू जा की! तुला काय, एकटा जीव!"

काकू अगदी प्रेमाने म्हणाल्या. वर "थांब हं" म्हणून आत गेल्या आणि हातावर बेसनाचा लाडूही ठेवला. मी तो स्टेशनपर्यंत तसाच हातात धरून नेला. एका हाताने सायकल चालवायला मी त्या दिवशी शिकलो.

* * *

नटुभाई मात्र कधी नाही म्हणाला नाही. दुकानात गेलो की गादीवरूनच हात हलवायचा, "आवती फेरे, चोक्कस!" पुढच्या वेळी, नक्की! हा 'आवती फेरे' नावाचा वार मी पंचांगात फार शोधला.

* * *

मी हार मानणारा नव्हे. आमच्या बडोद्याच्या महाराजांनी गावोगाव वाचनालयं काढलीत, तर माणसं जमवायला त्याहून चांगली जागा कोणती? एका वाचनालयात मी भाषण ठोकलं. 'तरुणांनो, आपला मुलूख डोळ्यांनी पाहा!' घसा बसेपर्यंत बोललो आणि विचारलं, "या रविवारी कोण येणार?"

मागे एक हात वर झाला. मला भरून आलं.

"जाताना गाडीने म्हणालात ना?"

"हो, हो!"

"मग येतानाही गाडीनेच आलं तर? आणि सायकल घरीच ठेवली तर चालेल का?"

* * *

त्या रविवारी मी एकटाच चांदोदला गेलो. नर्मदेवर हा एवढा प्रकाश पडलेला, आणि 'अरे बघ!' म्हणायला शेजारी कुणी नाही. नियमाप्रमाणे सायकलने निघालो, पण मनच लागेना. ऊन उतरताना वाटेतल्या एका लहान स्टेशनात शिरलो आणि आयुष्यात पहिल्यांदा परतीचं तिकीट काढलं.

तिथले स्टेशनमास्तर आम्हा चौघांना ओळखायचे. तिकीट देताना त्यांनी विचारलं, "बाकीना क्यां?" बाकीचे कुठे?

मी म्हणालो, "नथी आव्या." आले नाहीत.

गाडी आली. सायकल गार्डाच्या डब्यात चढवली, जागेवर बसलो. गाडी हलेना. इंजिन नुसतं फुसफुसत उभं. एकेक मुंडकं खिडकीबाहेर निघालं. समोरच्या बाकावरच्या आजीबाईंनी पदर डोक्यावर घेत बाहेर विचारलं, "शुं थयुं, भाई?"

खालून कुणीतरी सांगितलं, "त्रण जणा हजु नथी आव्या. सायकलवाळा. मास्तरे गाडी रोकी छे." तिघे अजून आले नाहीत, म्हणून मास्तरांनी गाडी थांबवलेली!

मी ताडकन उठून दाराशी आलो. मास्तर प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभे राहून, कपाळावर हात धरून रस्ता न्याहाळत होते. सगळी गाडी रस्त्याकडे बघत होती. आजीबाई म्हणाल्या, "बिचारा, थाकी गया हशे." थकले असतील बिचारे! दूर वळणावर धूळ उडाली तशी दोघं-तिघं ओरडलीसुद्धा, "आव्या, आव्या!" बैलगाडी होती.

गार्ड हिरवं निशाण काखेत धरून माझ्याजवळ आला. मला वाटलं, आता चिडणार. पण त्याने हळूच विचारलं, "हजु वाट जोईए?"

गुजरातीत 'वाट जोईए' म्हणजे 'वाट पाहू या', आणि 'हवं आहे' यालाही 'जोईए'च.

मी रस्त्याकडे पाहिलं आणि म्हणालो, "जोईए."